वनिताच्या दारावरची फुली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — आणि त्याला तर मी त्याच्या बहिणीबद्दल मला काय वाटतं तेसुद्धा तोंडावर सांगून टाकलं होतं. मुलाला नाही, सुनेला नाही. नातीला तर मुळीच नाही. नात मला मोठी बाई समजते. तिनं नागपूरच्या कॉलेजात सगळ्या वर्गाला माझी फिल्म दाखवली. 'माझी फिल्म' — बघा, जीभ अजून तशीच वळते. फिल्म माझी नव्हतीच. मी तिच्यात सगळी मिळून अकरा मिनिटं आहे. हो, मोजली आहेत. दोनदा मोजली आहेत.

तुमच्याजवळ सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर मग आणखी बरं — नाही, बरं नाही, पण चालेल. यातली सगळी नावं मी बदलली आहेत. माझं बदललेलं नाही, कारण ते मी लिहिलेलंच नाही. बहात्तर वर्षांची झाले तरी ही एवढी लबाडी अंगात उरली आहे.

कुठून सुरुवात करू? त्या बाईपासूनच करते, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीच्या माझ्यापासून. एकोणसाठ वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, केसांना मेंदी, डोळ्यांवर नवा चष्मा आणि दिवसभर करायला काही नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात तिनं तीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलं होतं. निम्म्या गावाला हात धरून 'अ' काढायला शिकवलं होतं. आणि आता सकाळी अकरा वाजता शाळेची घंटा झाली की ही आपली उगाच ओसरीत येऊन उभी. तिला कुणीतरी काहीतरी विचारावं, एवढंच हवं होतं. काहीही विचारावं. पाऊस येईल का, ते विचारलं तरी तिनं अर्धा तास उत्तर दिलं असतं.

अशा बाईसमोर कॅमेरा आणून ठेवायचा नसतो. पण ते त्या पोराला काय माहीत?

त्याला अनिकेत म्हणू. पुण्याहून आला होता, अठ्ठावीस-तीसचा असेल, दाढी वाढवलेली, बोलणं मात्र गोड. तो कशासाठी आला होता, ते आधी नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला लबाड समजाल. तो लबाड नव्हता. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे आणि वस्तीला लागून नाला. हायवेकडे एक रंगाईचा लहानसा कारखाना झाला होता — आता तो बंद आहे — त्याचं पाणी त्या नाल्यात सोडायचे. एखाद्या दिवशी नाला जांभळा, एखाद्या दिवशी हिरवा. वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. नाल्याच्या अगदी काठावरच्या घरांत पोरांच्या अंगावर पुरळ उठायचं. बायकांनी अर्ज केले, मोर्चा नेला, तहसीलसमोर पाण्याचे रिकामे हंडे-गुंड घेऊन बसल्या. कुणी ऐकलं नाही. अनिकेत ते ऐकून आला. दोन महिने राहिला, वस्तीतच जेवला, नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला पाठवलं. हे सगळं खरं होतं. फिल्मचा पहिला अर्धा भाग खरा आहे. आजही बघाल तर डोळ्यांत पाणी येईल.

दुसऱ्या अर्ध्याचं काय?

थांबा. आधी कुसुम.

कुसुम आमच्या गावची आशा. आशा म्हणजे ती गुलाबी साडीवाली, गर्भार बायांना दवाखान्यात नेणारी, पोरांच्या लसींची आठवण करून देणारी. ती वस्तीतलीच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. एका बाळंतणीला घेऊन दोन तास बैलगाडीत बसली होती आणि पोहोचेपर्यंत तिला गाणी म्हणून दाखवत होती, अशी तिची कीर्ती. गाणं तिला अजिबात येत नसे. बाळंतीण म्हणे कळांपेक्षा त्या गाण्यांनीच जास्त ओरडली. कुसुमच हे सांगायची आणि स्वतःच हसायची.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली. "बाई, घरी बसून बसून काय करून राह्यल्या? पोलिओच्या राउंडाले चाला माह्यासंगं. मी थेंब पाजतो, तुम्ही दारावर लिहा. माहं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय."

मी गेले. उड्या मारत गेले, खोटं कशाला बोलू? रविवारी शाळेत बूथ झाला की पुढचे दोन-तीन दिवस घरोघर फिरायचं असतं. ती पोरांच्या तोंडात थेंब पाडायची, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करायची. मी खडूनं दाराशेजारी भिंतीवर लिहायचं — घराचा नंबर, तारीख, पुढं कुठल्या घरी जायचं त्याचा बाण. घरातल्या सगळ्या पोरांना थेंब मिळाले असतील तर इंग्रजी 'पी'. एखादं पोर घरी नसेल तर फुली. फुली म्हणजे एवढंच — परत यायचं आहे. परत जाऊन पाजलं की फुलीचा 'पी' करायचा.

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी म्हणत नाही, तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणत आले. माझा चार तर वेगळाच असतो, त्याच्या शेंडीला मी एक गोल वळण देते. भिंतींवरसुद्धा मी तसंच लिहिलं. दिवसा घरी म्हाताऱ्या आणि पोरंच, त्यांचं लक्ष थेंबांकडे, खडू कुणाच्या हातात आहे ते कुणी बघत नसे; कुसुम थेंब पाजून पुढं निघून जायची आणि मी मागं माझी बाणाची टोकं रेखत बसलेली. "बाई, परीक्षेचे मार्क नाही भेटत याचे," ती लांबून ओरडायची.

नाल्याकाठी तीन घरं ओळीनं होती. तिघींचीही दारं बंद. तिघी मिळून एकाच वावरात कापूस वेचायला गेल्या होत्या आणि पोरांना सोबत घेऊन गेल्या होत्या. मी तिन्ही दारांवर फुल्या काढल्या. त्यातलं एक दार वनिताचं. वनिता माझीच विद्यार्थिनी, तिसरीपर्यंत माझ्याजवळ होती, हुशार आणि फार भित्री.

संध्याकाळी बाया वावरातून परतल्यावर कुसुम एकटी गेली आणि तिन्ही घरच्या पोरांना थेंब पाजून आली. खडू माझ्या पर्समध्ये राहिला होता. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, त्या तीन फुल्या तेवढ्या सुधारून घेजा." मी हो म्हटलं. त्या दिवशी माझ्या मावसबहिणीकडे हिंगणघाटला हळदीकुंकू होतं. मग दुसऱ्या दिवशी थकले. मग तिसऱ्या दिवशी — तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. विसरले. तीन फुल्या. एक मिनिटाचं काम.

दोन घरांच्या फुल्या पुसल्या गेल्या. वनिताच्या दारावरची राहिली. वर पत्र्याची पडवी होती, तिथं ऊनही पोचत नव्हतं आणि शिंतोडाही.

एप्रिलमध्ये अनिकेतनं ती पाहिली.

तोपर्यंत तो वस्तीत महिनाभर होता आणि त्याच्या डोक्यात दुसराच एक नाला वाहायला लागला होता. आता मला वाटतं, दोष त्याच्या रिकामपणाचा होता. पाण्याचा अहवाल येत नव्हता, तहसीलदार भेटत नव्हते, कारखान्याचं फाटक उघडत नव्हतं. पोरगा संध्याकाळी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघत बसायचा. मग एक दिवस मला म्हणाला, "मावशी, कुणीच दाद देत नाही, हे नुसतं दुर्लक्ष वाटतं तुम्हाला? यामागे काहीतरी ठरलेलं आहे." पाणी ठरवून घाण केलं आहे, औषध ठरवून पाजलं जातं आहे, गरिबांची संख्या कमी करायची आहे, परदेशातून हुकूम येतो आणि आमच्या समुद्रपूर तालुक्यात त्याची अंमलबजावणी होते! आमच्या तालुक्यात साधी एसटी वेळेवर येत नाही हो. पण मी हसले नाही. का हसले नाही? एवढी हसरी बाई मी, देवळात हसते, मर्तिकात हसते. तेव्हाच काऊन नाही हसले?

कारण तो मला विचारत होता. रोज येऊन विचारत होता. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" — आणि माझं उत्तर ऐकताना पुढं वाकायचा.

तर त्या दिवशी सकाळी त्यानं मला वस्तीत बोलायला उभं केलं. दोन तास मी बोलले. पाण्याबद्दल बोलले, मोर्च्याबद्दल बोलले — मोर्च्यात मी गेलेच नव्हते, माझे गुडघे दुखत होते — आणि 'आमची वस्ती', 'आम्ही बाया' असं म्हणत होते. आमची वस्ती! माझं घर वर, मारुतीच्या पाराशेजारी, स्लॅबचं, अंगणात स्वतःची बोअरवेल. जिचं खरंच ते पाणी होतं ती वनिता मागं पोराला कडेवर घेऊन उभी होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. तिला बोलता येणार नाही असं त्याला वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं. तिला बोलायला मीच शिकवलं होतं ना — मग?

बोलता बोलता आम्ही तिच्या दाराशी आलो. अनिकेतला फुली दिसली. तो थांबला. कॅमेरा चालूच होता. "मावशी, हे काय आहे? ही फुली याच घरावर का? नाल्याच्या तीनच घरांवर फुल्या होत्या असं ही ताई म्हणते. आणि पुरळ याच तीन घरांत आहे."

आता तुम्हीच बघा किती सोपं होतं. पुरळ त्या तीन घरांत होतं, कारण ती नाल्याला चिकटून होती. फुल्या त्या तीन घरांवर होत्या, कारण तिघी शेजारणी एकत्र कापूस वेचायला गेल्या होत्या. आणि फुली अजून होती, कारण एका मास्तरीणबाईला हळदीकुंकवाला जायचं होतं. एवढं एक वाक्य. 'अरे बाबा, ही मीच काढली, पुसायची राहिली.' त्यावर सगळे हसले असते. कुसुमनं वर्षभर चिडवलं असतं. बस.

मी भिंतीजवळ गेले. माझंच अक्षर समोर होतं. तारीख, बाण आणि वळणदार शेंडीचा चार. मी त्याच्यावरून हळूच बोट फिरवलं. तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला माहीत असतं, कुठं थांबलं की मुलं श्वास रोखतात. मी थांबले. मग कॅमेऱ्याकडे न बघता — हेसुद्धा त्यानंच शिकवलं होतं — म्हणाले:

"हे कोण लिहून जातं, कशासाठी लिहून जातं, आम्हा गरिबांना कोणी सांगत नाही."

हे ते वाक्य. हाच माझा गुन्हा. बाकीचं सगळं याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे.

का बोलले? तेरा वर्षं मी याची उत्तरं शोधते आहे आणि प्रत्येक उत्तर सबबीसारखं दिसतं, म्हणून एकही लिहीत नाही. एवढं लिहिते की मला त्या क्षणी फार छान वाटलं. अंगावर काटा आला. स्वतःच्याच आवाजानं.

फिल्म पावसाळ्यानंतर दाखवली, वस्तीतल्या समाजमंदिरात, भर दुपारी, खिडक्यांना सतरंज्या लावून. मला पुढं खुर्ची होती. पहिला भाग पाण्याचा — बाया आपापले चेहरे बघून लाजत होत्या, हसत होत्या. मग गंभीर संगीत सुरू झालं. मग वनिताच्या दारावरची फुली, सबंध भिंतीएवढी मोठी. आणि तिच्यावरून फिरणारं माझं बोट. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई काय बोलल्या पाहा!" त्यानंतर अनिकेतचा आवाज — ज्या घरांवर फुली, त्या घरांच्या मुलांना कुठला डोस दिला गेला? आणि पडद्यावर गुलाबी साडीची एक बाई, पाठमोरी, खांद्याला लसीचा निळा डबा, गल्लीतून चालत जाताना. चेहरा दाखवला नव्हता. दाखवायची गरज होती का? वस्तीत तसली चाल एकीचीच होती.

कुसुम त्या वेळी समाजमंदिरातच होती. खाली, बायांमध्ये बसलेली. मी मागं वळून पाहिलं नाही.

मग तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरायला लागला. पाण्याचा भाग कुणी पाठवला नाही. माझं बोट, माझं वाक्य आणि ती पाठमोरी बाई. आंजीपासून हिंगणघाटपर्यंत माझ्या ओळखीतल्या लोकांनी मला फोन केले — बाई, तुम्ही हिमतीच्या. आणि जेव्हा वस्तीतले लोक पुन्हा पाण्याचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी विचारलं, "तुम्ही ते फुलीवाले का?" आणि कचेरीत सगळे हसले.

त्यानंतरच्या ग्रामसभेत विषय निघाला. निघणारच होता. वनिताचा नवरा उभा राहिला. "कुसुमबाई, आमच्या दारावर ते कोनं लिहिलं, ते सांग. आमच्या पोराले काय पाजलं, तेबी सांग."

कुसुम उभी राहिली. तिनं समजावलं — फुली म्हणजे काय, 'पी' म्हणजे काय, सगळ्या देशात असंच लिहितात, थेंब सगळ्यांना एकाच बाटलीतले. लोक ऐकत होते. खरं सांगते, ऐकत होते. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर तिनं त्यांना हसवलंसुद्धा असतं. पण तो पुन्हा म्हणाला, "ते ठीक हाय. लिहिलं कोनं? नाव सांग ना. बाईले मालूम नाही, मंग कोनाले मालूम?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीवर होते. ती सतरंजीवर उभी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट बघत होती — वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतं हे माहीत असतं आणि आपण त्याच्याकडे बघत थांबतो, तशी. मी माझ्या चष्म्याची काच पदरानं पुसायला लागले. किती वेळ पुसली असेल? काच स्वच्छच होती.

"मीच लिहिलं," कुसुम म्हणाली. "सुधाराचं राहून गेलं. माही चूक हाय."

सभेत एकदम गलका झाला. मंग आधी काऊन नाही बोलली? लपवून काऊन ठेवलं? अन् काय काय लपवलं? ज्या तोंडांत तिनं थेंब पाजले होते, ज्यांच्या बाळंतपणात ती गाणी म्हणाली होती, तीच माणसं. तिची स्वतःची माणसं. आणि मी वरच्या आळीची, खुर्चीवरची — मला कुणीतरी पाणी आणून दिलं. बाईले त्रास नका देऊ म्हणे.

ती का बोलली तसं? मला शरम वाटू नये म्हणून? की मी निदान आता तरी उठेन, 'नाही, मी लिहिलं' म्हणेन, म्हणून? मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. ती पण बोलली नाही. रस्त्यात भेटली की "जय भीम बाई, तब्येत बरी हाय ना?" एवढंच. दर वेळी मी घरी येऊन ठरवायचे, उद्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना मला माझी थट्टा करता येत नाही.

वस्तीतली दारं बंद झाली. सगळी नाही, पण नाल्याच्या बाजूची झाली. कुसुम गोळ्या घेऊन जायची, आतून कडी. हाक मारायची, कुणी 'ओ' देत नसे. एका घरातून तिच्या पायांवर खरकटं पाणी आलं. ती तरी वर्षभर फिरत राहिली. वनिताला त्याच वर्षी मुलगी झाली. पोरगी नऊ महिन्यांची झाल्यावर गोवराच्या लसीसाठी कुसुम तिच्या दारात तीनदा गेली. तीनदा दार लागलं. नंतरच्या उन्हाळ्यात वस्तीत गोवर आला. पोरगी जगली. पण ताप उतरल्यावर कान वाहायला लागले आणि वाहायचे थांबले तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं. लस घेतली असती तर तिला ऐकू आलं असतंच का? मी डॉक्टर नाही. पण 'काय सांगता येतं' म्हणून खांदे उडवायची सवलत मी घेणार नाही. मला जे वाटतं ते मला वाटतं.

कुसुमनं काम सोडलं. हिंगणघाटला लेकीकडे राहायला गेली. जाताना मला भेटायला आली होती. मी घरात होते. सुनेला सांगितलं, सांग, झोपली आहे.

अनिकेतचा अजून दिवाळीला फोन येतो. आता तो जाहिराती करतो. त्या फिल्मचं नाव काढलं की त्याचा आवाज बारीक होतो. एकदा म्हणाला, "मावशी, तेव्हा मला कुणीतरी थांबवायला हवं होतं." मी म्हटलं, तू लहान होतास रे. मी सांगितलं असतं तर तो थांबला असता. मला ते पक्कं ठाऊक आहे. तो माझं ऐकत होता — पुढं वाकून ऐकत होता.

गेल्या वर्षी कुसुम गेली. हृदयविकारानं, सकाळी चहा पिता पिता. दोन दिवसांनी दुपारी वनिता माझ्याकडे आली. पस्तिशी ओलांडली आता, केस पिकायला लागले आहेत. मुलीला वर्ध्याच्या मूकबधिर शाळेत घातलं आहे, तिच्याशी बोटांनी बोलायला ही पण शिकली आहे. ओसरीत बसली, मी दिलेला पाण्याचा पेला हातात धरला. मग एकदम रडायला लागली.

"बाई, मी तिच्या तोंडावर दार लावलं होतं. तीन डाव लावलं. ती बाहेरून म्हणे, वनिता, पोरीसाठी तरी उघड. मी आत पोरीले धरून बसली होती. माह्यापायी पोरगी अशी झाली, अन् माह्यापायी कुसुमबाई गावातून गेली. कोनाजवळ बोलू मी हे? तुमच्याजवळ बोलून राह्यली."

तिनं ते माझ्याजवळ आणलं होतं. सगळ्या गावात माझ्याजवळ. मी तिच्याकडे बघत होते आणि माझ्या जिभेवर ते वाक्य होतं. तेरा वर्षांपूर्वी होतं तेच, तेवढंच लहान. घरात कुणी नव्हतं. कॅमेरा नव्हता. सभा नव्हती. समोर माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्या हातात माझ्याच घरच्या पाण्याचा पेला.

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "तुही काही चूक नाही बेटा. तुले जसं सांगितलं, तसं तू केलं. कुसुमनं तुले केव्हाच माफ केलं असंन."

हे मी म्हणाले. कुसुमच्या वतीनं माफीसुद्धा मीच देऊन टाकली.

वनिता शांत झाली. डोळे पुसले, पेला खाली ठेवला. "तुमच्याजवळ आली तं बरं वाटलं, बाई," म्हणाली. मग उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.